शंभर फेऱ्यांना एक दाणा

सेलू, मंगळवार. जानेवारी संपत आला आहे.

आई, सकाळी थोडं धुकं होतं. नऊला शेड उघडली. सहाही बायका वेळेवर आल्या. दहाच्या सुमारास लाइट गेली, पाऊण तासाने आली. साडेअकराला पुण्याकडच्या स्टार्टर बनवणाऱ्या कंपनीच्या मॅडम आल्या आणि दोनला गेल्या. पाच वाजता त्यांचा फोन आला. आता सहा वाजलेत, सगळ्या घरी गेल्यात आणि मी शेडमध्येच बसून हे लिहितोय. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कधी काही लिहिलं नाही. तशी आपल्या दोघांतही बोलायची फार सवय नव्हतीच.

आधी हे सांगतो की मी कॉइल भरतो. तू हसशील. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये असते तीच कॉइल, व्होल्टेज कमी-जास्त झालं की सगळ्यात आधी जळणारी. तू भरायचीस तशीच, तांब्याच्या बारीक तारेची, हातमशीनवर.

तुझं स्वयंपाकघर मला नीट आठवतं. खिडकीखाली पाट, पाटावर खिळ्यांनी पक्कं केलेलं मशीन, डावीकडे एक वाटी आणि उजवीकडे एक. स्टेशन रोडचे वायंडिंगवाले शेठ दर आठवड्याला तारेची रिळं आणि तार गुंडाळायची रिकामी बॉबिनं देऊन जायचे. तुझी शाळा दुसरीत सुटली होती. शंभराच्या पुढं मला भरोसा न्हाई, असं तू म्हणायचीस, म्हणून तू तुझी रीत काढली होतीस. भाकरी झाल्या की तू पाटासमोर बसतेस, डाव्या वाटीत ज्वारीचे नऊ दाणे मोजून टाकतेस आणि हॅण्डल फिरवायला लागतेस. शंभर फेरे झाले की एक दाणा उजवीकडे, आणि पुन्हा एकपासून. डावी वाटी रिकामी झाली की कॉइल झाली. मोजणी चालू असताना तू कोणालाच उत्तर देत नाहीस. बाबांनी दारातून चहाचं विचारलं तरी तू फक्त पुढचा आकडा मोठ्याने म्हणतेस, आणि ते समजून परत जातात. शेजारच्या काकू यावरून तुला फार चिडवायच्या. ‘हिला इचारा, पोरं किती? म्हनंल सत्तावन्न.’ तू हसायचीस, पण अठ्ठावन्न म्हणूनच.

मी सहा-सात वर्षांचा असेन. शाळेतून आलो की मला तुला काहीतरी सांगायचं असायचं आणि तू मोजत असायचीस. मी भिंतीला टेकून बसायचो. डाव्या वाटीत किती दाणे राहिलेत ते बघत राहायचो.

मग तो दिवस. शेठ आले ते आत न येता ओसरीवरच बसले. त्यांनी पिशवीतून एक जळकी कॉइल काढली आणि समोरच्या किराणा दुकानातून तराजू मागवला. एका पारड्यात जळकी, दुसऱ्यात चांगली. चांगलीचं पारडं खाली गेलं. तार कमी भरली होती, म्हणून ती तापली आणि जळली. पाथरीकडच्या एका माणसाची मोटार तिच्यापायी बंद पडली होती. शेठचा आवाज चढला नाही. ते एवढंच म्हणाले, ‘बाई, तार ठेवून घेतली असं मी म्हणत नाही. पण शंभर फेऱ्यांची तार गेली कुठं?’ पदराला हात पुसत उभी राहिलीस. नंतर म्हणालीस, ‘माजंच चुकलं आसंल.’ मी दाराच्या मागे होतो. त्या हिवाळ्यात शेठनी तुला काम दिलं नाही आणि तू कापूस वेचायला गेलीस. उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा बॉबिनं आणून दिली, पण त्यानंतर तू दर कॉइलनंतर उजव्या वाटीतले दाणे दोनदा मोजायचीस. कोणी तुझ्या हाताचं कौतुक केलं की तू लगेच म्हणायचीस, एक डाव चुकले होते मी. हे तू शेवटपर्यंत म्हणत होतीस.

पुढे तयार कॉइली यायला लागल्या आणि तुझं काम थांबलं. तू गेल्यावर मी इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं आणि त्याच तयार कॉइली विकल्या. बाहेरच्या देशातून यायच्या, खोक्यात रांगेने लावलेल्या, स्वस्त. तुझं मशीन मी भंगारात दिलं. तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मग कोरोना आला. तुला हे कसं सांगावं? एक आजार आला आणि सगळं जग घरात बसलं. रेल्वे बंद, ट्रान्सपोर्ट बंद, कापसाचं जिनिंग बंद. दुकानं उघडली तरी कॉइली येईनात. त्या बाहेरून यायच्या आणि बाहेरचं सगळं अडकलेलं. इकडे उन्हाळी भुईमूग उभा, विहिरीला पाणी, मोटार चांगली आणि स्टार्टर बंद. मानवतकडचा एक माणूस रुमालात जळकी कॉइल बांधून घेऊन आला. तुम्हाला ही भरता येते का बघा, म्हणाला. येत नाही म्हणालो असतो तर तो निघून गेला असता. मी म्हणालो, ठेवून जा.

एका लेथवाल्याकडून शिलाई मशीनच्या चाकाचं हातमशीन करून घेतलं. पहिल्या दोन कॉइली जळल्या. तिसरी भरत होतो तेव्हा काकू बल्ब घ्यायला आल्या. त्याच काकू, तुझ्या शेजारच्या. जिनिंग बंद म्हणून त्याही घरीच बसून होत्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तार वढायलायस कशाला? तुजी माय सोडायची तार, वढायची न्हाई.’ मला बाजूला सरकवून त्या बसल्या. बसल्या बसल्या ज्वारी मागितली. तिसरी कॉइल अजून चालू आहे, तो मानवतचा माणूस भेटला की सांगतो.

काकूंच्या मागे आणखी बायका आल्या. दोन कापूस वेचणाऱ्या, एक शिवणकाम करणारी, बाकीच्या जिनिंगमधल्या. दुकानामागची पत्र्याची शेड भाड्याने घेतली. दोन वर्षं चांगली गेली. मग बाहेरचा माल पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा स्वस्त. आमची कॉइल कमी व्होल्टेजला टिकते हे माहीत असणारे आमच्याकडेच येत, पण ते थोडे. गेल्या वर्षी दोघींना काही महिने येऊ नका म्हणून सांगावं लागलं. घरी जाऊन सांगितलं. एकीने चहा केला, तो प्यायलो आणि मग सांगितलं.

म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा होता. ही कंपनी बाहेरून कॉइली आणणं बंद करून इथेच करून घ्यायचं बघत होती. त्यांचं काम मिळालं तर सहाच्या दहा जणी करता आल्या असत्या. नाही मिळालं तर पाडव्याला शेड सोडायची, असं मी ठरवलं होतं आणि फक्त काकूंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मग मी आता भांडे घासू का लोकांचे?

आता लाज वाटते ते सांगतो. मॅडम येणार म्हणून मी मागच्या आठवड्यात सगळ्या मशीनवर आकडे दाखवणारे काउंटर बसवले आणि वाट्या उचलून ठेवायला सांगितल्या. मोठ्या कंपनीच्या इंजिनियरला ज्वारीचे दाणे दिसायला नकोत, असं वाटलं. पाच जणींनी ऐकलं. काकू म्हणाल्या, ‘आकडा मशीनचा, दाना माजा. तुला दिसनार न्हाई मग तर झालं?’ आणि दाणे पदराच्या ओट्यात घेऊन बसल्या.

मॅडम तिशीच्या असतील. पायात बूट, खांद्याला मीटरची पिशवी. आत येऊन त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. कोणी मान वर केली नाही. एकीने डावा हात उचलून थांबा अशी खूण केली. काकू जरा जोरात म्हणाल्या, एक्याऐंशी, ब्याऐंशी. मी सांगायला लागलो की मोजताना बोलायचं नाही अशी आमच्यात रीत आहे, तर त्या म्हणाल्या, चांगलं आहे, आमच्याकडे सगळे मोबाइलवर बोलत भरतात.

सकाळी भरलेल्या कॉइलींतून त्यांनी दहा उचलल्या आणि मीटर लावला. नऊ बरोबर निघाल्या. एकीत फेरे कमी. त्यांनी ती पुन्हा तपासली, पुन्हा कमी. ती शिवणकामवालीची होती. ती रडवेली होऊन म्हणाली, लाइट गेली तेव्हा काउंटर शून्यावर गेला, मी अंदाजानं पुढं धरलं. हात चालूच होता तिचा, मशीन हाताचं आहे, फक्त आकडा गेला. मला वाटलं, संपलं. मॅडमनी विचारलं, मग लाइट गेली तेव्हा बाकीच्यांच्या कशा बरोबर आल्या? चौघी म्हणाल्या, आम्ही उकलून पुन्हा पहिल्यापासून भरल्या. काकूंनी ओटा उघडून दाखवला. दाणे बघून मॅडम खाली बसल्या. एका बाजूला किती, दुसरीकडे किती, शंभरालाच का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, आणि यात कधी चूक झाली आहे का?

काकू म्हणाल्या, ‘येकदाच. हेच्या मायचं चुकलं व्हतं. लय वर्सं झाली. लय हुशार बाई, पन चुकली येक डाव.’

आई, माझ्या तोंडून निघून गेलं. ‘तिचं नव्हतं चुकलं. मी दाणा सरकवला होता.’

सगळी मशीनं थांबली. मोजणी अर्धवट टाकून बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्या दिवशी मला तुला काहीतरी सांगायचं होतं. काय ते आता आठवतही नाही. डाव्या वाटीत चार दाणे होते. तू तार तपासायला खिडकीकडे वाकलीस आणि मी एक उचलून उजवीकडे टाकला. एक दाणा कमी झाला की तू लवकर मोकळी होशील, एवढंच डोक्यात होतं. तू मोकळी झालीसही. ‘बोल’ म्हणालीस. तराजू आला त्या दिवशी मला कळलं की काय झालं ते, आणि मी दाराच्या मागेच राहिलो.

काकू म्हणाल्या, ‘भाड्या, ती मरुस्तर मीच चुकले म्हनत ऱ्हायली की.’ त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि लगेच त्या हसायलाही लागल्या. शिवणकामवाली रडायची थांबली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या की बॅटरीवर चालणारे काउंटर घ्या, लाइटचे नको, आणि दाणेही राहू द्या.

पाचला फोन आला. सहा महिन्यांचं काम दिलं आहे, बरं चाललं तर पुढेही. मी बायकांना सांगितलं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. एकीने विचारलं, म्हणजे पाडव्यानंतरबी यायचं ना? मी हो म्हणालो. काकूंनी तिला सांगून ठेवलं होतं म्हणजे. गेल्या वर्षी जिच्या घरी चहा प्यायलो होतो ती पुन्हा मशीनवर बसली आणि अर्धी राहिलेली कॉइल उकलायला लागली, कारण माझ्या बोलण्यात तिची मोजणी गेली होती.

छातीवरचं काहीतरी उतरलं आहे. त्यातलं किती कामाचं आणि किती तुझं, ते मला वेगळं करता येत नाही. चुकलेली तू नव्हतीस, हे आता सहा बायकांना माहीत आहे. त्या घरी जाऊन सांगतील. काकू तर अख्ख्या गल्लीला सांगतील. एवढं झालं तरी पुरे.

तुला मात्र मी कधी सांगितलं नाही. तू असताना कितीतरी वेळ होता. पौर्णिमेला विहारातून आपण दोघं पायी परत यायचो, तेव्हा तर नुसतं चालायचंच असायचं. तू रागावशील ही भीती मला नव्हती. खरी गोष्ट अशी आहे की शेठनी काम दिलं नाही त्या हिवाळ्यात तू मला सुट्टीच्या दिवशी शेतात बरोबर न्यायचीस. हात बोंडात आणि तोंड मोकळं. तू दिवसभर माझ्याशी बोलायचीस. तुझ्या लहानपणचं, तुझ्या भावांचं, विहिरीत पडलेल्या शेळीचं. संध्याकाळी तुझी बोटं फुटलेली असायची आणि मी खूश असायचो. तुला सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं.

हे पान मी वहीतून फाडणार नाही, राहू दे बिलांच्या मागे. अंधार पडायला लागला आहे. खाली तारेचे बारीक तुकडे पडलेत आणि सकाळी बायका चपला बाहेर काढून बसतात. आधी झाडून घेतो.