निळ्या शर्टाला निळी खुर्ची

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ११.१०

मेडिकलवाल्याने फुकट दिलेली डायरी. एक तारखेपासूनच लिहिणार होतो, पण पेन सापडत नव्हतं. आज बायकोने, म्हणजे सुगंधाने, काढून दिलं. टेबलावरच होतं म्हणे. म्हणे!

संकल्प. कॉम्प्युटरवर रोज फक्त दोन तास. सकाळी हवेली, दुपारी हॉटेल. आणि रागवायचं नाही.

हवेलीच्या गेममध्ये पसाऱ्यात लपवलेल्या वस्तू शोधायच्या असतात. आज बारापैकी बारा शोधल्या. घुबड, किल्ली, तुटका चष्मा, सगळं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. मानसी मागून म्हणाली, बाबा, हा गेम सहा वर्षांच्या पोरांसाठी आहे. लेकीला एवढं शिकवलं त्याचं हे फळ. रागवायचं नाही हा संकल्प उद्यापासून.

७ जानेवारी, मंगळवार

'मिस डॉलीचं हॉटेल', लेव्हल ३८. अकरा दिवस झाले, इथेच अडकलोय. गिऱ्हाईकं येतात, त्यांना बसवायचं, ऑर्डर घ्यायची, वाढायचं, टेबल साफ करायचं. निळ्या कपड्यातल्या माणसाला निळ्या खुर्चीवर बसवलं की जादा पॉइंट. चार ताटं एकदम वाढली की कॉम्बो, म्हणजे चौपट पॉइंट. अडाणी माणूस ताट तयार झालं की लगेच वाढतो. मी थांबतो. कॉम्बोला डोकं लागतं.

हरलो. हिरव्या टोपीची म्हातारी अठरा सेकंदांत उठून गेली. अठरा! आधार कार्डाच्या रांगेत गेली असती का अशी उठून? माऊस आपटला, बटण निघालं. हलका माल.

गेमच्या दुकानात एक हेल्पर विकत मिळतो. मिशीवाला, डोक्यावर पांढरी टोपी, खांदे पाडून फिरतो आणि खरकटी ताटं उचलतो. दुसरं काही येत नाही त्याला. मी त्याचं नाव ढब्बू ठेवलंय. असल्या माणसावर मी नाणी घालवत नाही, सगळी खुर्च्यांवर घालतो.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी १

घरात हॉटेल चालतं आणि हॉटेलातला अनुभवी माणूस हॉलमध्ये बसून आहे. याला काय म्हणायचं?

सुगंधा चार वर्षं डबे करते. मी व्हीआरएस घेतली तेव्हा बारा होते, आता पस्तीस आहेत. मदतीला शांताबाई. दोघींना पद्धत म्हणून नाही. जो डबा भरला तो निघाला! आज आत जाऊन समजावलं की चार-चारच्या गटाने डबे काढा. शांताबाई म्हणाल्या, दादा, बाजूला व्हा, फोडणी करपेल. सुगंधाने तिखटाचा डबा मागितला. सगळी फळी धुंडाळली, नव्हता. ती आली आणि माझ्या नाकासमोरून घेऊन गेली. नंतर ठेवला असणार कोणीतरी.

सत्तावीस वर्षं कांदिवलीच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळलंय. दशरथ परबच्या सहीशिवाय ट्रक गेटबाहेर जात नव्हता. आज माझ्याच घरात मला फोडणीपासून बाजूला करतात. डोकं फिरलं. लेव्हल ३८ तीनदा खेळलो, तिन्ही वेळा हरलो. रागात खेळूच नये.

१३ जानेवारी, सोमवार

मोठी बातमी. मालाडच्या एका ऑफिसातून फोन. तिथला अॅडमिनचा माणूस, चंद्रप्रकाश, याने सुगंधाच्या हातचे वडे कुठेतरी खाल्ले होते. बावीस तारखेला चोवीस जणांचं मालवणी जेवण, ट्रायल म्हणून. आवडलं तर रोजची साठ ताटं, वर्षभर.

सुगंधाला हे काम पाहिजेच आहे. मिळालं तर बोरिवली स्टेशनजवळ गाळा भाड्याने घेणार, म्हणजे घरातली शेगडी, पिंपं, पातेली बाहेर जातील आणि मानसीला अभ्यासाला खोली मिळेल. चार वर्षं याचीच वाट बघतेय म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाली, तुम्ही फक्त त्या दिवशी आवाज करू नका.

मी कधी आवाज करतो?

१७ जानेवारी, शुक्रवार

शांताबाईंच्या भाचीचं लग्न, बावीसलाच, साताऱ्याला. सुगंधाने मानसीला विचारलं. तिची प्रॅक्टिकल. मग शेजारच्या रुचिराला विचारलं. तिला सुट्टी नाही. मग मला विचारलं. तिसऱ्या नंबरवर! तरी मी मोठेपणाने हो म्हणालो.

काम असं: ती ऑफिसच्या पॅन्ट्रीत इंडक्शनवर वडे तळणार, ताट भरून देणार, मी ते नेऊन माणसापुढे ठेवायचं. बाकी काही करायचं नाही. हे तिने दोनदा सांगितलं. लेव्हल ३८ वरच्या माणसाला दोनदा!

२१ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ६

तयारी पूर्ण. मागच्या आठवड्यात तिच्याबरोबर जाऊन पॅन्ट्री बघून आलो होतो. खुर्च्या लाल आणि निळ्या. मला गहिवरून आलं. अशी मांडणी बघायला नजर लागते. सुगंधाला काही सांगितलं नाही, तिला निकालच दाखवायचा. गुण लिहायला छोटी वही घेतलीय. सराव म्हणून ३८ खेळलो. हरलो, पण नेट स्लो होतं.

आजचा संकल्प एकच. उद्यापासून या घरात मला कोणी बाजूला व्हा म्हणणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ५.१५

वाट लागली. माझ्यामुळे नाही. नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट बोलायला नको.

साडेबाराला रिक्षाने पोचलो. कोंबडीचा रस्सा, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढीचा कॅन, सगळं वर नेलं. एकला माणसं आली. मी दारातच उभा राहून ज्याला त्याला शर्टाप्रमाणे खुर्ची दाखवली. लाल, गुलाबी एका बाजूला, निळे दुसऱ्या बाजूला. पांढरा शर्टवाला विचारायला लागला, मी कुठे? त्याला थांबायला सांगितलं. तोपर्यंत निळ्या खुर्च्या संपल्या आणि शेवटी चंद्रप्रकाश आला, निळ्या शर्टात. लाल खुर्च्या पाच रिकाम्या होत्या, मान्य आहे. पण निळ्या शर्टाला लाल खुर्ची दिली की सगळी साखळी तुटते! मी त्याला नम्रपणे उभं ठेवलं. ज्या ऑफिसचं काम मिळवायचं त्या ऑफिसच्या अॅडमिनला. तेव्हा हे असं दिसत नव्हतं.

सुगंधाने पहिलं ताट दिलं. वडे टम्म फुगलेले. मी ते काउंटरवर ठेवलं आणि थांबलो. दुसरं आलं, ठेवलं. इंडक्शन हळू तापतं, चौथ्या ताटाला वेळ लागला. तोवर पहिल्यातले वडे बसले. तिची पाठ माझ्याकडे होती, कढईवरून मान वर करायला फुरसत नव्हती. तिला वाटत होतं, मी वाढतोय. चार झाली की मी एकदम नेली. पहिल्या कॉम्बोला कोणी काही बोललं नाही. दुसऱ्यालाही नाही. मी वहीत लिहून ठेवलं.

मग सोलकढी गायब. सगळे मागायला लागले. मी हवेलीच्या पद्धतीने डावीकडून उजवीकडे, वरून खाली नजर फिरवली. नव्हता कॅन. वॉचमनला चार शब्द सुनावले. तो हिंदीत भडकला. गलका ऐकून सुगंधा वळली. मी ज्याच्यावर वही टेकवून पॉइंट लिहीत होतो, तो कॅन होता.

तिने एकदा कॅनकडे पाहिलं, मग काउंटरवर चौथ्याची वाट बघणाऱ्या तीन ताटांकडे, मग उभ्या असलेल्या चंद्रप्रकाशकडे. मालवणीत बोलली, म्हणजे पारा चढला होता. म्हणाली, तुमका कोणी सांगल्यान हुता? एवढंच. चंद्रप्रकाश काउंटरवरच्या ताटातला वडा मोडून बघत होता. वडा मोडत नव्हता. म्हणाला, कळवतो.

रिक्षात मी कॉम्बो समजावून सांगायला लागलो. तिने तोंड बाहेर केलं ते बोरिवलीपर्यंत.

२३ जानेवारी, गुरुवार

बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट आदळून. मला फार राग आलाय. इंडक्शनवर, खुर्च्या कमी घेणाऱ्या कंपनीवर, भाचीचं लग्न नेमकं बुधवारी काढणाऱ्या साताऱ्याच्या लोकांवर. मानसी म्हणाली, बाबा, आई काल बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती.

आज हवेली खेळलो नाही.

२५ जानेवारी, शनिवार

चंद्रप्रकाशला मी फोन करून खुलासा करणार होतो. मानसीने मोबाईल काढून घेतला.

२८ जानेवारी, मंगळवार

सुगंधा काल एकटीच मालाडला गेली होती. आज शांताबाईंकडून कळलं. डब्यात गरम वडे घेऊन गेली आणि चंद्रप्रकाशसमोर उभी राहून म्हणाली, जेवण माझं होतं, बुधवारी जे झालं ते माझ्या जेवणाने नाही झालं. त्याने तिथेच पाच वडे खाल्ले. काम मिळालं. अट एक: वाढायला मॅडम स्वतः हव्यात, ते गृहस्थ नकोत.

ते गृहस्थ!

तासभर गॅलरीत उभा होतो. राग कोणाचा, हे लिहीत नाही.

३० जानेवारी, गुरुवार. दुपारी ३

आज सुगंधा कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. कुकर लावला होता, शिट्ट्यांना वेळ होता. म्हणाली, कुठलं ते हॉटेल, मलाही बघू द्या. आठ दिवसांनी माझ्याशी बोलली म्हणून मी मुकाट्याने उठलो.

लेव्हल ३८. मी रंगांचं सांगायला गेलो. म्हणाली, गप बसा. आधी दुकानात गेली आणि असतील नसतील ती नाणी घालून ढब्बू घेतला. मी ओरडलो. तिने लक्ष दिलं नाही. जो आला त्याला रिकामी खुर्ची, जे ताट झालं ते लगेच पुढे. ना रंग, ना कॉम्बो. ढब्बू मागे ताटं उचलत राहिला. हिरव्या टोपीची म्हातारी पोटभर जेवून हसत गेली. ती हसते हे मला माहीतच नव्हतं.

तीन स्टार. चौथी शिट्टी झाली, ती उठली.

मी विचारलं, त्या बिनकामाच्या माणसावर एवढी नाणी का? म्हणाली, भुकेल्याला थांबवायचं नसतं. आणि मी वाढत असताना खरकटं कोणीतरी उचलायला नको? मला हात किती?

 

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ५

ऑफिसचा पहिला दिवस. शांताबाई तळायला, सुगंधा वाढायला. सकाळी सुगंधाने माझ्यासमोर एक पिशवी ठेवली. चंद्रप्रकाशला तिने विचारून ठेवलं होतं. हे वाढणार नाहीत, फक्त ताटं उचलतील, असं सांगितल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री केली म्हणे, मग चालेल म्हणाला. पिशवीत पांढरी टोपी. ऑफिसचा नियम आहे, जेवणात केस जायला नकोत. माझ्या डोक्यावर केस नाहीत हे मी निदर्शनास आणलं. ती म्हणाली, मिशी आहे ना, तिच्यासाठी काही मिळत नाही, निदान टोपी घाला.

साठ माणसं. लाल शर्टवाले निळ्या खुर्चीवर बसले, मी मान फिरवली. कोणी ओळखलं नाही. चंद्रप्रकाशने ओळखलं. त्याचं ताटही मीच उचललं, चाटूनपुसून खाल्लेलं. एका मुलीने थँक्यू काका म्हटलं. पॅन्ट्रीच्या काचेच्या दारात मी मला येताना पाहिलं. दोन्ही हातांत ताटं, खांदे पाडलेले.

परतताना रिक्षात सुगंधाने विचारलं, दमलात का? नाही म्हणालो.

उद्या साडेअकराला निघायचं. टोपी धुऊन वाळत घातलीय. मापाची निघाली.