पाळण्यातल्या नावांची वही

शनिवार, ता. २ मे १९३६. बावडा.
बारामतीहून पहाटे निघालो. इंदापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. अंग मोडून आले, पण मन खूश आहे. माझी नात सिंधू पुण्याला बी.ए.ला आहे. मुलींना नकोशी, दगडा अशी नावे का ठेवतात, यावर तिला निबंध लिहायचा आहे. मला तेवढेच माणूस उरले, म्हणून मीही बरोबर आलो. गावातल्या ओळखीच्या दगडाबाईंकडे उतरलो. त्यांनी पिठले-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "आबा, नात एवढी शिकली, आता तुमाला कोन इचारतंय!" खूप हसलो. पोरीला ऊन बाधू नये म्हणजे झाले.

सोमवार, ता. ४.
ज्या घरात मुले जगत नाहीत, तिथे पोरीचे खरे नाव बारशाला एकदाच तिच्या कानात सांगतात. नंतर ते कोणी उच्चारत नाही. हाक मारायला नकोशी. आयांनी ती नावे सिंधूला कुजबुजत सांगितली, तिने पेन्सिलीने टिपली. माझे अक्षर बरे, म्हणून शाईने उतरवायचे काम माझे. पण शाळा दुसरीतच सुटली; मोठ्याने म्हटल्याशिवाय मला वाचता येत नाही. दुपारी ओसरीवर वही उघडली. पहिले नाव शेजारच्या नकोशीचे, चंद्रकला. परसातून लगेच "ओ" आली.

मंगळवार, ता. ५.
नकोशी काल घरी नव्हतीच, मळ्यात होती. तिथेच मिरचीच्या वाफ्यात मेलेली सापडली. सिंधू म्हणते, ऊन लागले. मग ओ कोणी दिली?

बुधवार, ता. ६.
प्रोफेसरांना वही सोमवारी हवी आहे. दुसरे नाव अगदी हळू वाचले. दगडाबाईंकडे दळायला येणाऱ्या भागूबाईचे. ती समोरच दळत होती. तिने मानही वर केली नाही, तिला आपले ते नाव ठाऊकच नाही. ओ तिच्या पाठीमागून आली. दिवेलागणीला भागूबाई गेली.

गुरुवार, ता. ७.
दगडाबाईंना सांगितले. म्हणाल्या, "आबा, कुनी सांगितलं हुतं वाचाया? त्या नावाला मानूस ओ देत न्हाय. दुसरंच देतं. अन् त्यानं ओ दिली की मानूस त्याचं." मी दोघींना मारले. मीच.

शुक्रवार, ता. ८.
सिंधूने हसत सांगितले, तिचेही तसले नाव वहीत आहे. आजीने मरताना सांगितलेले. ते पान फाड म्हणून पाया पडलो. रागावली. आबा, पुरावा कोणी फाडतं का, म्हणाली. वही जाळली असती, पण सिंधूची बी.ए. तिच्यात आहे. तिचे एवढे एकच पान फाडायचे. कुठले पण? न वाचता कसे—

शनिवार, दुपार.
सिंधू झोपली आहे. तोंडात पाणी धरून पाने उलटली. पाणी असले की आवाज फुटत नाही. सातव्या पानावर "माझे" असे लिहिलेले. त्याखाली—

आमच्या थोरल्या लेकीचे नाव. पाच वर्षांची होऊन गेली ती. सिंधूच्या आजीने नातीला तेच— मला न सांगता—
पाणी सांडले. मी हाक मारली. थोरलीला मारली, देवा, तिला—

बाहेरून ओ आली.

सिंधूचे ओठ मिटलेले. श्वास आहे. एका हाताने तिला धरले आहे. सोडणार नाही.

पुन्हा ओ. उंबऱ्याच्या आत.
ही सिंधू आहे. नुसती सिंधू. दुसरे नाव नाही हिला, मी चुकून— मला ने, माझे नाव महिपती, महिपती म्हण, मी ओ देतो, मी—

तिचा हात गार—