शालीची गरज नाही

११ फेब्रुवारी
सकाळी साडेआठ, गच्ची. किमान ९.२. वारा उत्तरेचा, कोरडा. आकाश स्वच्छ.
मांडववाला येऊन खाली अंबरीशशी बोलून गेला. त्याच्या मुलीचं, प्रणोतीचं लग्न १९ला, बरगी रोडच्या उघड्या लॉनवर. मला विचारलं नाही! आमच्या घरात मांडव ठरवण्याआधी पान-सुपारी ठेवून मला हवा विचारतात. मी वेधशाळेत लागलो तेव्हा आप्पांनी ही रीत घातली. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मोडली.
मागे पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "दादा अंदाज नाही सांगत, थर्मामीटर वाचतो फक्त." चौतीस वर्षं वाचला. ठीक आहे.

१४ फेब्रुवारी
वारा फिरला. आता आग्नेयेचा. किमान १३.६. पश्चिमेला खूप उंचावर पिसांसारखे ढग.
कोणी वर आलं नाही.

१६ फेब्रुवारी
किमान १६.८. कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमध्ये जेमतेम दोन अंशांचा फरक. म्हणजे बंगालच्या उपसागराची ओली हवा इथवर पोचली. तिकडे राजस्थानवर पश्चिमी विक्षोभ, त्याच्या मागे थंड, कोरडी हवा. अशा दोन हवा सहजी मिसळत नाहीत. एका घरात वर-खाली राहणाऱ्या भावांसारखं, मध्ये रेघ राहतेच. थंड हवा खालून घुसते, ओलीला वर फेकते, वर पाणी गोठतं. गारा! गुरुवारी, म्हणजे १९लाच, संध्याकाळच्या सुमारास. इतकी खात्री मला नोकरीतही कधी वाटली नव्हती.
खाली जायला बारा पायऱ्या. जाणार नाही. विचारायला यावं त्यांनी.
विनता म्हणाली, "काय जी, खूश दिसून राहिले?" बायकोलाही सांगितलं नाही. खूश होतोच.

१७ फेब्रुवारी
प्रणोती आली. चिरोट्यांची ताटली, वर रुमाल. लहानपणी हीच गच्चीवर येऊन ओल्या थर्मामीटरचं फडकं भिजवायची, स्टुलावर चढून.
इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काका, उस दिन शामला ठंड राहील का? मतलब, शाल घेऊ?"
"शालीची गरज नाही. हवा उबदार राहील."
"म्हणजे टेन्शन नाही ना?"
मी हसलो. तिने पाया पडून घेतलं आणि धावत खाली गेली.
खोटं एक अक्षर बोललो नाही. थंड हवेची आघाडी येण्याआधी हवा उबदारच असते. निरीक्षकाने विचारलं तेवढंच सांगावं, नाही का? थर्मामीटर वाचतो फक्त.
ताटली न उघडता फडताळात ठेवायला लावली. अंबरीशच्या घरचं खाणार नाही.

१९ फेब्रुवारी
दुपारचे तीन. वारा पडला. फेब्रुवारीत घाम! बॅरोमीटर उतरतोय. लॉनच्या ऑफिसला पक्का स्लॅब आहे, कालच पाहून आलो. विनताला आणि मला तिथेच खुर्च्या धरणार. अंबरीशचं तोंड मला बघायचंय.

२० फेब्रुवारी
काल संध्याकाळी सहा चाळीसला वायव्येकडून गार झोत आला. विनताच्या हातावर काटा उभा राहिला. मी घड्याळ लावलं. लिंबाएवढ्या गारा, अकरा मिनिटं. लोक पळत होते, मी मिनिटं मोजत होतो. नवव्या मिनिटाला मांडवाचा लोखंडी सांगाडा आडवा झाला.
प्रणोती त्याच्याखाली होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मेंदी काल-परवाचीच.
मला फक्त अंबरीशला भिजवायचं होतं.

२१ फेब्रुवारी
हॉस्पिटलच्या बाकावर अंबरीश शेजारी येऊन बसला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.
"मनाला लावून नको घेऊ, दादा. फोन दोन दिवसांपासून गारा दाखवून राहिला होता. बंद हॉलही धरून ठेवला होता मी. पण प्रणोती सांगत आली, काका म्हणाले टेन्शन नाही. सोडून दिला. तुझ्यापुढे फोनचं काय?"
मग म्हणाला, "मीच येणार होतो विचारायला. पण ते थर्मामीटरचं जुनं बोलणं तुझ्या मनात आहे, माहीत होतं मला. म्हणून तिला पाठवलं. तुझा अंदाज पहिल्यांदा चुकला. होतं असं."
चुकला नव्हता.

२२ फेब्रुवारी
किमान ८.९. वारा उत्तरेचा. आकाश स्वच्छ.
विनताने ताटली परत द्यायला काढली. रुमालाखाली चिरोटे, बाजूला सुकलेलं पान. त्यावर सुपारी.