हुकूम काय होता, दादा?

दादा, चार दिवस झाले, जिवाला चैन नाही. भाकरी तव्यावर करपते, शेळ्यांची पेंड हातात घेऊन मी दारातच उभी राहते. शेवटी लेकीची वही ओढून बसले. तुम्ही वारलात त्याला बारा वर्षं झाली, तरी भांडायचं तर बापाशीच आहे.

तो सिनेमा आठवतो? युसूफ वडगावच्या बाजारातून कोणीतरी टीव्ही आणि सीडी भाड्याने आणली होती. मेंढरं लिंबाखाली बसवून भर दुपारी सगळी आळी आपल्या पडवीत दाटली. सिनेमा इंग्रजी, आणि फौजेत राहून आलेले एकटे तुम्ही. म्हणून टीव्हीशेजारी उभं राहून सांगायचं काम तुमच्याकडे. हे अमेरिकेतले आदिवासी, तुम्ही सांगत होतात, आपल्यासारखीच मेंढरं राखणारे. वायरलेसवर आपल्या बोलीत निरोप देतात आणि दुश्मनाला ओ की ठो कळत नाही. "मग आपुन गेलो आसतो तर लढाई कवाच जिकली आसती बे!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पडवीभर हशा झाला. तुम्हीही हसलात. मग पडद्यावर एक साहेब एका शिपायाला बाजूला घेऊन काहीतरी बजावू लागला. त्या शिपायाने अशाच एका आदिवासी जवानाच्या मागे सावलीसारखं राहायचं होतं. काकूने विचारलं, "काय म्हंतो त्यो सायेब?" तुम्ही खाली बघून म्हणालात, "म्हंतो, ह्या मानसाला जप. बाकी सारं गेलं तरी चालंल."

काकू म्हणजे तुमच्या दोस्ताची बायको. तुम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालात. तो वायरलेसवाला, तुम्ही त्याच्यासोबत बंदूक घेऊन. लढाईतून तुम्ही परत आलात, तो आला नाही. वायरलेसचा सेट पाठीवर घालून तुम्ही सुखरूप आणलात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्याची शाबासकीही मिळाली होती. दोस्ताला कुठे आणि कसं सोडलं, हे मात्र घरात कोणी विचारायचं नाही.

आणि ती कातरणी. मेंढरांची लोकर कातरायची वेळ आली की आळीतला प्रत्येक जण आधी आपली मेंढरं उरकतो, मग दुसऱ्याकडे जातो. तुमचं उलटं. दरसाल काकूची शेवटची मेंढी मोकळी झाल्याशिवाय आपल्या मेंढरांना तुम्ही कातर लावली नाही. एका वर्षी मी चिडून म्हणाले होते, "आपली का म्हून मागं ठिवायची?" तुम्ही कातर जमिनीवर आपटली. "तिची आदी. पुन्यांदा इचारू नको." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी नेकनूरहून येताना मला बांगड्या आणल्या आणि चुलीजवळ ठेवून गेलात.

चार दिवसांमागे माझ्या लेकीने तोच सिनेमा मोबाईलवर लावला, हिंदीतून. मी ताक घुसळत होते. त्या साहेबाचा हुकूम कानावर पडला आणि हात थांबला. माणूस जपायचा हुकूम नव्हताच, दादा. जपायची होती ती सांकेतिक बोली. जवान दुश्मनाच्या हाती लागायची वेळ आली तर त्याला जिवंत ठेवायचं नाही, असा हुकूम होता. तुम्हाला इंग्रजी कळत होतं. तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितलंत, तेही तिच्या तोंडावर. तुमचा मला इतका राग आला की रवी तशीच डेऱ्यात सोडून अंगणात फेऱ्या मारत राहिले. सेट आणलात, माणूस का नाही आणला? तो तेव्हा जिवंत होता का? तुम्हालाही कोणी काही बजावलं होतं, की तुम्ही नुसते घाबरला होतात? घाबरला असाल तरी चालेल हो, पण मला सांगायचं होतंत.

तेवढ्यात काकू दह्यासाठी वाटी घेऊन आली. आता तिला फार कमी ऐकू येतं. लेकीच्या हातातला मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तिने पाहिला. "ह्यो त्योच सिनेमा का गं? तुज्या बापानं सांगितलेला? त्यो सायेब काय म्हंतो, सांग की."

दादा, मी चार दिवस तुम्हाला शिव्या घालते आहे, पण त्या घडीला माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? तिच्या कानाशी वाकून मी म्हणाले, "म्हंतो, मानसाला जप."

काकूने मान डोलावली. "तुजा बापबी आसंच बोलला व्हता. आन् तुज्यासारखंच खाली बघून." मग वाटी पुढे केली. "घाल दही, लई उशीर झालाय."

म्हणजे तुम्ही काहीतरी लपवता आहात, हे तिला त्या दुपारपासूनच ठाऊक होतं. तरी दरसाल ती तुम्हाला आपली मेंढरं कातरू देत राहिली. हे तुम्ही असताना कळलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. आता हे पत्र टाकू कुठे? लेकीच्या वहीतलं पान आहे, संध्याकाळी फाडून चुलीत घालीन. एवढंच कबूल करते की मी वर पाहिलं नाही, आणि तिची वाटी काठोकाठ भरली.