धवलने बॉल खाली ठेवला

श्रीनाथ,

फोनवर "प्रॅक्टिस मस्त झाली" म्हणाले, ते खोटं होतं.

गेल्या सीझनला सगळ्या मॅच हरलेला आपला बेसबॉल क्लब यंदा नव्या पोरांवर उभा राहतोय आणि इथं साऱ्या कॅसल हिलची भिस्त आपल्या धवलच्या पिचिंगवर! आज सरावाच्या मॅचमध्ये त्याने मध्येच बॉल खाली ठेवला आणि तो सरळ माझ्यापाशी आला.

"आई, आय अ‍ॅम डन. मी फक्त बाबासाठी खेळत होतो."

मी त्याची बॅग उचलली आणि आम्ही निघालो.

गाडीत तो किती महिन्यांनी हसला रे! ते पाहून मला जास्तच धक्का बसला.

हे पाठवायचं धाडस नाही. पुण्याहून आलास की तोच सांगेल. तेव्हा ओरडू नकोस.

मयूरा