गांधीनगर ते पवई, एका दमात

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही. निळी शाई. आजपासून सायकल.
नुसती सायकल नव्हे, चढाची सायकल. सपाटीवर कुणीही चालवतं. लोक म्हणतात, मुंबईत चढ कुठेयत? अरे, माझ्या मुलुंडच्या खिडकीतून डोंगर दिसतो. पूर्वी अख्खा दिसायचा. आता दोन टॉवरांच्या मधून दिसतो, दाराच्या फटीतून पाहुणा डोकावावा तसा.
प्लॅन: पंचटेकडी मार्ग. मुलुंड, भांडुप, पवई, आरे आणि बोरिवलीच्या बाजूने कान्हेरी. शुभारंभ २६ जानेवारी. वय ७१, पण ते कागदावर. एकोणऐंशी साली याच सायकलवर, उत्तराला कॅरिअरवर बसवून, गांधीनगरच्या नाक्यापासून पवईपर्यंतचा चढ मी एका दमात चढलो होतो. लग्नाला तीन आठवडे झाले होते. कविता म्हणत म्हणत चढलो. पाय तेच आहेत.

सकाळी ९.४०
सायकल पाहिली. बाल्कनीच्या कोपऱ्यात. मनीप्लांट ब्रेकच्या तारेवरून हँडलपर्यंत पोचलाय. ओढायला गेलो तर उत्तरा म्हणाली, अहो, हात लावू नका, जिवंत आहे ते.


५ नोव्हेंबर
नकाशाला सुरुवात. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, मोबाइलवरच्या निळ्या रेघेवर विसंबणार नाही. ट्रेसिंग पेपर, पेन, फ्रेंच कर्व्ह, सगळं ट्रंकेतून काढलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात रीतसर चौकट आखली: काढणार, तपासणार, मंजूर करणार. तिन्ही ठिकाणी माझीच सही. ऑफिसात मंजुरीला सात-सात महिने लागायचे. इथे चहा निवायच्या आत काम झालं.

८ नोव्हेंबर
आज मोठा शोध लागला. चढ मोजायचे ते अंशांत नाही, वृत्तांत! शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून चाली शिकवायचे, त्या अजून पोटऱ्यांत आहेत. सोपा चढ: ओवी. मध्यम: भुजंगप्रयात, ल गा गा, ल गा गा, लघूला हलका पाय, गुरूला जोराचा. अवघड चढ: मंदाक्रांता. आधी चार गुरू सावकाश, मग पाच लघू भराभर.
नकाशात पवईवर मंदाक्रांता लिहिलं. सईला, म्हणजे नातीला, दाखवलं. बारा वर्षांची आहे. म्हणाली, आजोबा, मस्त आहे, पण तू सायकल कधी चालवणार?
आधी नियोजन.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्रत्यक्ष पाहणी. रिक्षाने. (शक्ती राखून ठेवणे हा नियोजनाचाच भाग.)
भांडुपची टेकडी जिथे होती तिथे टॉवर. मी त्र्याऐंशी साली स्वतः तिच्या समोच्च रेषा काढल्या होत्या! खाली सात मजले नुसतं पार्किंग. वॉचमनने विचारलं, किसके यहाँ जाना है? म्हटलं, टेकडीकडे. म्हणाला, ए विंग या बी?
पंचटेकडीचं चौटेकडी केलं. नकाशावर दुरुस्ती क्रमांक एक. सही, सही, सही.

२० नोव्हेंबर
जयवंत आला होता. शाळेपासूनचा मित्र. वडील गिरणीत, गाव कुडाळजवळ, तोंड अजून गावचंच. त्याला ‘चढ-उतार मंडळा’चा उपाध्यक्ष केला. अध्यक्ष मी. सभासद अजून नाहीत. नकाशा बघून म्हणाला, बाळ्या, मेल्या, आदी जिनो तरी चढ!
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर थांबतो हे खरं. पण त्याला थांबणं म्हणत नाहीत, यती म्हणतात. कवितेच्या ओळीत ठरलेल्या जागी श्वास घ्यायचा असतो. जयवंत मराठीत नेहमी काठावर पास.

१ डिसेंबर
घरात वादळ.
उत्तराला बाल्कनीत झोपाळा हवाय. वीस वर्षांपासून. तिने मोबाइलवर एक वेताचा पसंत केलाय. जागा एकच: सायकलचा कोपरा. मुलगा सुयोग म्हणाला, बाबा, सायकल जिन्याखाली ठेवू ना. म्हटलं, जिन्याखाली ओल असते. गंज चढेल. उत्तरा म्हणाली, आत्ता काय चांदीचा मुलामा आहे?
बोलता बोलता ठरलं. तिनेच ठरवलं. सव्वीस जानेवारीला मी एक चढ चढायचा. पाच नको, चार नको, एक. एकोणऐंशीचाच, गांधीनगर ते पवई. पाय जमिनीला लागता कामा नये. चढलो तर सायकल कोपऱ्यात, पुन्हा विषय नाही. पाय लागला तर भंगारवाला.
भंगारवाला! ज्या कॅरिअरवर बसून ती पवईचा तलाव बघायला आली, तो किलोवर जाणार!
मी लगेच हो म्हणालो. एक चढ म्हणजे माझा अपमानच आहे.
सई अंपायर.

३ डिसेंबर
उद्यापासून सराव.

४ डिसेंबर
मनीप्लांट सोडवता सोडवता दुपार गेली.

१४ डिसेंबर, रविवार
सुयोगने सायकल खाली नेली. टायर, ट्यूब, चेन, ब्रेक सगळं नवं घालून आणली. दुकानदार म्हणाला म्हणे, फ्रेम एक नंबर आहे, असा माल आता बनत नाही. हे सुयोगने हळूच सांगितलं; उत्तरासमोर मोठ्याने सांगितलं असतं तरी चाललं असतं.
सोसायटीच्या आवारात अडीच फेऱ्या मारल्या. तिसरी अर्धी राहिली कारण मधे कुणाची तरी गाडी लागली होती. गाडी कडेला होती, पण मन विचलित झालं.

२१ डिसेंबर
पहिला खरा सराव. मुलुंड स्टेशनच्या पुलाचा चढ. मंदाक्रांता धरली. गा गा गा गा, चारही गुरू झकास. पुढच्या पाच लघूंच्या जागी नुसती धाप. चौथ्या अक्षरावर यती असतोच, म्हणून शास्त्रशुद्ध उतरलो.
घरी सगळं समजावून सांगितलं. उत्तरा म्हणाली, अहो, तुमचा यती नेमका चहाच्या टपरीसमोर कसा येतो?
या बाईला कवितेचं अंग नाही. एकोणऐंशी सालीही नव्हतं. मी खड्या आवाजात म्हणत होतो आणि ही सबंध चढभर गप्प. तलावापाशी पोचल्यावर कपाळाचा घाम पुसत होती. नुसतं बसून कसला घाम? नवी नवरी, लाजली असेल.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. नियोजन: उत्कृष्ट. नकाशा: दुरुस्ती क्रमांक पाच. सराव: समाधानकारक (चार दिवस).
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला.

१ जानेवारी
थंडी होती.

२ जानेवारी
थंडी नव्हती, पण असेल असं वाटलं.

११ जानेवारी
उत्तरा रोज सकाळी तासभर चालायला जाते. सात वर्षं झाली. बूटबीट घालून. आज मी तिच्या शेजारून सायकल चालवत गेलो. म्हणजे ती माझ्या पुढे होती. मी मुद्दाम मागे राहिलो, एकटं वाटू नये म्हणून. घरी आल्यावर तिने मला पाणी दिलं. म्हणाली, सोडून देऊ या का हे? मी काही भंगारवाल्याला बोलावत नाही.
म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.
खरं लिहितो, कोण वाचतंय. रात्री पोटऱ्यांना तेल लावताना वाटलं, एकोणऐंशी साली चढलो नसतो तर बरं झालं असतं. एकदा चढल्यामुळे पुन्हा चढावं लागतं. ती गोष्ट मी सुयोगला सांगितली, सईला सांगितली, जयवंतला तर शंभरदा. सव्वीस तारखेला पाय टेकला तर नुसती सायकल जाणार नाही. तो सबंध चढच भंगारात जाईल.

२५ जानेवारी, रविवार
नकाशा अंतिम. मार्गात एकच चढ उरल्याने कागद बराच मोकळा राहिला. तिथे कमळं काढली.

२६ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.३०
चढलो! चढलो! एका दमात!
क्रमवार लिहितो. 
सकाळी साडेसहाला झेंड्याच्या आधीच निघालो. गांधीनगरच्या नाक्यापर्यंत सायकल टेम्पोतून नेली. टेम्पो सुयोगच्या मित्राचा, चालवायला सुयोग. शेजारी उत्तरा आणि मोबाइल सरसावून अंपायर सई. जयवंत थर्मास घेऊन आधीच वर तलावापाशी जाऊन बसला होता. सुट्टीमुळे ट्रक कमी. डोक्यावर मेट्रोचे खांब. एकोणऐंशी साली इथे डोक्यावर फक्त आकाश होतं आणि कडेला गवत.
स्वार झालो. टेम्पो मागून हळूहळू.
पहिला टप्पा भुजंगप्रयातात काढला. ल गा गा, ल गा गा. पुढे चढ वाढला. मंदाक्रांता. चार गुरू. लघू येईनात. पुन्हा चार गुरू. सायकल मुंगीच्या गतीने चालायला लागली, हँडल डुलायला लागलं. डावा पाय खाली जायला निघाला. अगदी निघाला. डोळ्यांसमोर भंगारवाल्याचा तराजू.
मग मी डोळे किंचित मिटले आणि शाळेत पाठ केलेलं होतं नव्हतं ते सगळं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. खड्या आवाजात. बसस्टॉपवरची माणसं बघत होती. बघू देत.
आणि काय सांगू! चाक हलकं झालं! पाठीवर वारा लागावा तसं. पाय नुसते फिरत होते. पाचही लघू भराभर आले! ही कवितेची शक्ती. एकोणऐंशी साली याच वळणावर अस्संच झालं होतं, अगदी याच वळणावर चाक हलकं झालं होतं!
तलावापाशी थांबलो. जयवंत थर्मास उघडा टाकून उभा, तोंडही उघडं. मग कठड्याला धरून हसत सुटला. आनंद माणसाला असा अनावर होतो. सई म्हणाली, आजोबा, पाय नाही लागला, मी सगळा वेळ बघत होते. उत्तरा मागून आली, म्हणाली, जिंकलात हो, सायकल राहू दे कोपऱ्यात.
कपाळाचा घाम पुसत होती. जानेवारीत. टेम्पोत उकडलं असेल.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ११
उठवत नाही. पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.
सईने शाळेत जाता जाता कालचा व्हिडिओ पाठवला. तीन मिनिटं बारा सेकंद.
पहिलं मिनिट मी एकटा. मग टेम्पोचं दार वाजतं. पांढऱ्या बुटांतली उत्तरा चालत पुढे येते, पदर खोचते, कॅरिअरला दोन्ही हात लावते आणि ढकलू लागते. मी हात वर करून कविता म्हणतोय. मागून सुयोगचा आवाज, आई, थांब, मी येतो. ती मागे न बघता म्हणते, गप रे, तू गाडी सांभाळ, मला सवय आहे.
दोनदा पाहिला.

सायंकाळी ५
विचारलं. सवय म्हणजे?
भाजी निवडता निवडता म्हणाली, तेव्हाही त्याच वळणावर उतरले होते मी. सायकल मागे यायला लागली होती, तुमचं आपलं गाणं चालू. हाक मारली, ऐकू गेली नाही. मग ढकलत आले वरपर्यंत. नवी साडी होती.
म्हटलं, अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?
म्हणाली, तलावापाशी पोचल्यावर तुमचा चेहरा बघितला होता मी. कोण सांगणार?
आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. निवडा, म्हणाली, बसल्या जागी होतं ते.
निवडली.

१ फेब्रुवारी, रविवार
सायकल जिन्याखाली ठेवली. मीच नेली. (सुयोगने नेली. मी घंटी धरली होती.) सई उद्यापासून तिच्यावर शिकणार.
दुपारी झोपाळा आला. उत्तरा बसलीये. मी मागून हलका झोका देतोय. अध्येमध्ये यती घेऊन.
नकाशा काढला. दुरुस्ती क्रमांक सहा. खालच्या चौकटीत तीन घरं होती, चौथं आखलं.
काढणार: बाळ. तपासणार: बाळ. मंजूर करणार: बाळ.
ढकलणार: उत्तरा (१९७९ पासून).
तिथे सही तिची घेतली.