भारी, मध्यम, चालू

११ नोव्हेंबर, सकाळी
नवी वही. दुकानाची नाही, खासगी.

शनिवारी ईश्वरीला अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या डोळ्यांत औषध घालून तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. डॉक्टर समजावून सांगत होते, तेवढ्यात सुरतेच्या व्यापाऱ्याचा फोन आला. बोलून परत आलो तर शेवटचं तेवढं कानावर पडलं, ‘बिंदू’. म्हणजे मोतीबिंदू. आमच्या अण्णांना होता. पिकल्यावर काढला, पुढे नव्वदीपर्यंत पेपर वाचायचे. हिलाही तेच सांगितलं. पिकू दे, मग काढू.

येताना एसटीत ही म्हणाली, मला एकदा समुद्र बघायचाय, आख्खा. मुंबईचा नको, तिथं बिल्डिंगी आड येत्यात. तीस वर्षांच्या संसारात हिने पहिल्यांदाच काही मागितलं. मी जागच्या जागी शब्द दिला. अंदमान!

१४ नोव्हेंबर
हॉटेलांचा अभ्यास सुरू. लोक इथेच फसतात. मी केजच्या बाजारात बावीस वर्षं साड्या विकतोय. माल जगात तीनच प्रकारचा असतो.

भारी: पाण्याला लागून लाकडी कॉटेज. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र.
मध्यम: रस्त्यापलीकडे. बाल्कनीत मान तिरकी केली की समुद्र.
चालू: गावात एका घरातली खोली. मालकीणबाई मासे तळते. आपण लिंगायत माणसं, वासानेच अर्धे होऊ.

कागद हाताशी नव्हता म्हणून यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केली. चिठ्ठी वहीतच ठेवली. हरवायचा प्रश्नच नाही.

२ डिसेंबर
शिवांजलीचा पुण्याहून फोन. लेक काळजी फार करते. अप्पा, आईच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा म्हणाली. पाठवतो म्हटलं. पण मागच्या बाजूला हॉटेलं आहेत, शाई पुढेही उमटली असेल, हॉटेलाचं सरप्राइज फुटेल. नाही पाठवला.

दवाखान्यातून दिलेली थेंबांची बाटली संपली. जे पिकायचंय त्याला थेंब कशाला? नवी आणली नाही.

१९ डिसेंबर
कॉटेजवाल्याने नाताळचा भाव सांगितला. मी हसलो. लग्नसराई उतरली की भारी पैठणीसुद्धा खाली येते. स्वतःला बजावलं, केदारनाथ, घाई करायची नाही.

ही आज दाराच्या चौकटीला धडकली. डावा खांदा काळानिळा. आठवड्यात दुसऱ्यांदा, तोच खांदा. लक्ष कुठं असतं म्हणून ओरडलो. हिला समुद्राचं वेड लागलंय.

१२ जानेवारी
सिरसाळ्याहून महांतेश आला होता. हिचा धाकटा भाऊ, कापसाचा व्यापार. म्हणाला, दाजी, कावून थांबलाव? सीझन हाय, भारी खोली घ्या, निम्मे पैशे मी देतो. आक्काची नजर मला न्हाई बरी दिसत.

मी पुरावाच दिला. ईश्वरीला हाक मारून सुई-दोरा दिला. एका झटक्यात ओवली! महांतेश तिच्या बाजूलाच बसला होता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घेतला नाही. तो बराच वेळ तसाच हात लांब करून बसला. मग उठला आणि जेवायलाही थांबला नाही. मान मिळाला नाही की हा असाच फुगतो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
परळीला वैजनाथाचं दर्शन. पायऱ्या उतरताना ही माझा हात सोडेना. भर गर्दीत! या वयात! लाज वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. एकेक पायरी पायाने चाचपून उतरत होती. हिची भक्ती आधीपासूनच जास्त.

९ एप्रिल
भाव थोडा खाली. अजून येईल. मध्यमवर काट मारली. समुद्रासाठी मान कोण तिरकी करणार?

शिवांजलीचा फोन. पुन्हा फोटो, फोटो.

ही आता दिवे लागल्यावर घराबाहेर पडत नाही. काल बाजारात उजवीकडून टमटम आला, हिने वळूनही पाहिलं नाही. मी ओढलं म्हणून वाचली. टमटमवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर दुकानात गादीवर बसलो तर छातीत धडधड थांबेना. उन्हाळा फार आहे यंदा.

२२ मे
बुकिंगचा एजंट म्हणाला, साहेब, आता नका जाऊ, तिकडं वादळाचा इशारा आहे, बोटी निघतील याचा भरवसा नाही. अरे, म्हणूनच तर भाव पडतो! आता धंदा मी त्याला शिकवायचा.

११ जून
जिंकलो! भारी कॉटेज, चालूच्या भावात. चार नंबर. पाण्यापासून वीस पावलं.

हिला सांगायला अंगणात गेलो. अहो, कुठून बोलताय, असं विचारत ती समोर बघत राहिली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. मला ते आवडलं नाही. ठरवलं, मोतीबिंदू पिकला का ते आधी दाखवू. काढायची तारीख घेऊ, मग बुकिंग.

१३ जून, अंबाजोगाईहून आल्यावर
डॉक्टरांनी तपासलं. मग जुनी चिठ्ठी मागितली. मी वहीतून काढून दिली. त्यांनी आधी हॉटेलांची यादी वाचली. मग कागद उलटा करून माझ्यासमोर धरला.

काचबिंदू.

तो पिकत नाही. नजर कडेकडून जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब रोज घालायचे होते, असलेली टिकवायला. मधली थोडी राहिलीय म्हणाले. सुई ओवण्यापुरती.

सात महिने हा कागद माझ्याजवळ होता. मी रोज उघडत होतो, मागच्या बाजूने.

एसटीत हिला सगळं सांगितलं. ही चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मला वाटलं, पिकतंय.

१४ जून
कॉटेजवाल्याचा फोन. चार नंबर ठेवू का?

मी म्हटलं, ईश्वरी, भारी घेतो, आता भावाचं बघत नाही. ती म्हणाली, पैशे कावून घालवायचे? चालूच घ्या. मला समद्या खोल्यांतून तेवढाच दिसणार हाय.

मासे तळणाऱ्या बाईंना फोन केला. पहिली बोट मिळेल त्या दिवसापासून खोली घेतली. घासाघीस केली नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, खोलीला खिडकी आहे का ते विचारलंच नाही. पुन्हा फोन लावला नाही. थेंब घालायची वेळ झाली होती.